बाकड्याखालची थैली: सापडलेले पैसे ठेवले तर ती चोरी का?

हे प्रकरण रचलेलं आहे. यातला शेतकरी, पोरगा, अडत्या, ठाणं यांपैकी काहीच खरं नाही. जागा मात्र नागपूरच्या आहेत, आणि कायदा आज जसा लागू आहे तसाच घेतला आहे.

काय घडलं

फेब्रुवारीतली दुपार. भिवापूरकडचा साठीतला एक शेतकरी कळमन्याच्या बाजारात मिरची विकून निघाला. अडत्याने बरीचशी रक्कम खात्यात टाकली आणि ३८,५०० रुपये रोख दिले, ५००च्या ७७ नोटा. शेतकऱ्याने नोटा आणि हिशोबपट्टी एका खाकी कापडी थैलीत घातल्या, थैली बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि म्हातारीचा चष्मा न्यायला ऑटोने बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, आला. चष्मा घेतला. भूक लागली म्हणून मेन रोडच्या बाजूच्या गल्लीत एका ठेल्यावर तर्री-पोहे खायला बसला. चष्म्याचे पैसे त्याने वेगळ्या सुट्ट्या नोटांतून दिले, पण त्या काढताना थैलीही खिशातून बाहेर काढली होती, ती हातातच राहिली होती. खाताना त्याने ती बाकड्यावर मांडीजवळ ठेवली. ती कधीतरी खाली घसरली.

समोरच्या कापडाच्या दुकानातल्या कॅमेऱ्यात पुढचं सगळं दिसतं. १ वाजून २० मिनिटांनी शेतकरी उठतो. १ वाजून २७ मिनिटांनी चोविशीतला एक पोरगा त्याच बाकड्यावर येऊन बसतो. तो जवळच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. पायाला काहीतरी लागतं, वाकतो, थैली उचलतो, उघडून बघतो, बंद करतो, इकडेतिकडे पाहतो. ठेलेवाल्याला काही विचारत नाही. अर्धी प्लेट टाकून निघून जातो.

शेतकऱ्याला गणेशपेठच्या बसस्थानकावर उमरेडच्या गाडीत चढताना खिसा हलका लागला. तो दोनच्या सुमारास ठेल्यावर परत आला. ठेलेवाल्याला खरोखरच काही माहीत नव्हतं.

पोरग्याने दुकानाच्या मागच्या खोलीत नोटा मोजल्या आणि पट्टी वाचली. पट्टीवर वर अडत्याच्या दुकानाचं नाव, गाळा नंबर आणि फोन छापलेला होता. खाली वजन, भाव, हमाली, तोलाई. शेतकऱ्याचं नाव पेनाने लिहिलेलं होतं, पण घामाने शाई पसरून वाचता येत नव्हतं. गावाच्या नावाची दोन अक्षरं तेवढी लागत होती. रात्री त्याने खोलीतल्या मित्राला सांगितलं. मित्र म्हणाला, "काहून डोकं खाजवून राहिला बे? सापडलं ते आपलं." दुसऱ्या दिवशी त्याने काहीच केलं नाही, थैली तशीच पेटीत. त्या रात्री पट्टी फाडून टाकली. तिसऱ्या दिवशी थकलेल्या भाड्याचे १०,००० घरमालकाला दिले, २,००० मित्राला. उरले २६,५००.

ठाण्यात

शेतकरी मुलाला घेऊन ठाण्यात गेला. हवालदाराने सरळ विचारलं, "काका, चोरी झाली की हरवले, ते आधी सांगा."

बाप म्हणाला, हरवले. मुलगा म्हणाला, चोरी लिहा.

मुलाचं म्हणणं नुसत्या रागातून आलेलं नव्हतं. हरवल्याची नोंद केली की एक कागद हातात पडतो आणि तिथेच गोष्ट संपते, हे त्याला गावच्या अनुभवावरून पक्कं ठाऊक होतं. भारतीय न्याय संहितेखाली चोरी (कलम ३०३) एवढ्या रकमेची असली की गुन्हा दखलपात्र होतो. एफआयआर होते, पोलिसांना तपास करावाच लागतो, कॅमेरे बघावे लागतात. सापडलेली वस्तू खाऊन टाकणं हा अप्रामाणिक अपहार, कलम ३१४. तो अदखलपात्र आहे. म्हणजे एनसी. पोलीस वहीत नोंद करतील आणि मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगतील. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय तपास करायचा त्यांना अधिकारच नाही. त्यामुळे "चोरी म्हणायचं की नाही" हा वाद आपल्याकडे वर्गातल्या फळ्यावर कमी आणि ठाण्याच्या टेबलावर जास्त होतो. ज्याचे पैसे गेलेत तो चोरीच म्हणणार. चोरी म्हटल्याशिवाय कोणी जागचं हलत नाही.

शेवटी मुलानेच दुकानदाराला विनवून कॅमेऱ्याचं चित्रण मिळवलं, मोबाइलवाल्याने पोरगा ओळखला, आणि चौथ्या दिवशी तो अडत्याच्या गाळ्यावर उभा होता. २६,५०० रुपये त्याने तिथल्या तिथे काढून दिले. पट्टी फाडल्याचंही त्यानेच सांगितलं, कोणी विचारलं नव्हतं.

ताबा कोणाचा होता

आता कायदा. चोरीला एक गोष्ट लागतेच: वस्तू कोणाच्या तरी ताब्यात असली पाहिजे आणि ती त्या ताब्यातून, त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने हलवलेली असली पाहिजे. मालकी एकाची असते आणि ताबा दुसऱ्याचा असू शकतो, किंवा कोणाचाच नसतो. कलम ३०३च्या खाली दिलेल्या उदाहरणांत एक अंगठीचं आहे. रस्त्यावर कोणाच्याही ताब्यात नसलेली अंगठी उचलली तर चोरी होत नाही, अपहार होऊ शकतो. हे उदाहरण १८६०च्या दंड संहितेतून आलं आहे. त्या संहितेचा पहिला मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली केला, आणि १ जुलै २०२४पासून नवी संहिता लागू झाली तरी चोरी आणि सापडलेली वस्तू यांच्यातली भिंत कोणी पाडली नाही.

शेतकरी मात्र ही भिंत मानायला तयार नव्हता. त्याचा युक्तिवाद वकिलालाही विचार करायला लावेल असा होता. "थैली माहीच होती ना जी. मी उठून गेलो, पैसे सोडून थोडीच देल्ले."

त्याच्या म्हणण्यात दम आहे. विसरलेली वस्तू आणि हरवलेली वस्तू यांत फरक करता येतो. कुठे ठेवली हे मालकाला आठवतंय, तो चाळीस मिनिटांत तिथे परत येतोय, मग ताबा त्याने सोडला असं कसं म्हणायचं? लग्नाच्या हॉलमध्ये खुर्चीवर पर्स ठेवून कोणी हात धुवायला गेली आणि शेजारणीने ती उचलली, तर तिथे ताबा सुटलाच नाही असं मी तरी म्हणेन, आणि ती चोरी धरेन. पण इथे थैली ठेवलेली नव्हती, घसरली होती. ती कुठे पडली हे शेतकऱ्याला ठेल्यावर परत येईपर्यंत नक्की माहीत नव्हतं. चष्म्याच्या दुकानात राहिली, ऑटोत पडली, की बाकड्याखाली, हे तो वाटेत आठवत होता. आणि पोरगा बसला तेव्हा बाकडं रिकामं होतं. थैली कोणाच्या ताब्यात आहे असं वाटायला त्याच्यासमोर काही नव्हतं. सात मिनिटं आधी आला असता आणि म्हाताऱ्याला उठताना पाहून गप्प बसला असता, तर मी वेगळं लिहिलं असतं.

ठेलेवाल्याचा ताबा होता का, हा प्रश्न मुलाने काढला. हुशार प्रश्न. दुकानात पडलेली वस्तू दुकानदाराच्या ताब्यात धरायची का यावर इंग्लंडमध्ये १८५१ साली ब्रिजेस विरुद्ध हॉक्सवर्थ हा खटला झाला. दुकानाच्या फरशीवर नोटांचं पुडकं एका फिरत्या विक्रेत्याला सापडलं. त्याने ते मालकासाठी सांभाळायला दुकानदाराकडे दिलं. मालक आलाच नाही, तेव्हा कोर्टाने पैसे दुकानदाराचे नव्हे तर ज्याला सापडले त्याचे ठरवले. तो दिवाणी वाद होता, फौजदारी नाही, आणि आपल्या कोर्टांवर बंधनकारकही नाही. पण बर्डीच्या फूटपाथवरच्या ठेल्याला तर फरशीही स्वतःची नसते. ठेलेवाल्याला थैली आहे हेच माहीत नव्हतं. त्याचा ताबा मानणं ओढूनताणून होईल.

मग चोरी नाही. या प्रकरणात माझं मत यापुढे डळमळत नाही.

गुन्हा मात्र आहे, आणि तो कधी घडला

"चोरी नाही" ऐकून पोरग्याच्या मित्राचा चेहरा खुलला होता. तो लगेच उतरावा असं काही पुढे आहे.

अपहाराच्या कलमाखालचं स्पष्टीकरण नीट वाचण्यासारखं आहे. सापडलेली वस्तू मालकासाठी सांभाळायला किंवा त्याला परत द्यायला उचलली तर गुन्हा नाही. पण मालक माहीत असेल, किंवा शोधण्याचं साधन हाती असेल, तरी वस्तू स्वतःसाठी वापरली तर गुन्हा. मालक शोधायचा वाजवी प्रयत्न न करता, वाजवी काळ न थांबता वापरली तरी गुन्हा. वाजवी म्हणजे किती, हे त्या त्या प्रसंगावर. सोबतची उदाहरणंही बोलकी आहेत. रस्त्यावर एक रुपया सापडला, कोणाचा ते कळायला मार्ग नाही, उचलला: गुन्हा नाही. (मेकॉलेच्या काळी रुपया म्हणजे चिल्लर नव्हती, हे लक्षात ठेवून वाचावं.) पत्रात घातलेली नोट सापडली आणि पत्रावरून मालक कळला, तरी ठेवली: गुन्हा.

आमच्या थैलीला अगदी चपखल बसतं ते धनादेशाचं उदाहरण. वाहकाला देय असलेला धनादेश सापडतो. तो कोणी हरवला याचा अंदाज नाही, पण धनादेश काढणाऱ्याचं नाव त्यावर आहे, आणि ज्याच्या नावे धनादेश काढला त्याचा पत्ता तो माणूस सांगू शकेल हे सापडणाऱ्याला समजतं. शोध न घेता धनादेश गिळला तर तो अपहार. हिशोबपट्टी तेच काम करते. शेतकऱ्याचं नाव पुसलेलं असू दे. अडत्याचा फोन छापलेला होता. "आज दुपारी मिरचीवाल्या कोणाला रोख दिली का हो?" एवढं एक वाक्य पुरलं असतं.

त्यामुळे गुन्हा थैली उचलण्यात नाही. पहिल्या रात्री मित्राशी बोलण्यातही नाही. पेटीत एक दिवस पडून राहिलेले पैसे हे निर्णय न झालेल्या माणसाचे पैसे आहेत, त्यासाठी मी कोणाला तुरुंगात पाठवणार नाही. खर्चाचा दिवस हा कागदोपत्री गुन्ह्याचा दिवस धरला जाईल. पण अप्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून मला खर्चापेक्षा फाडलेली पट्टी जड वाटते. भाडं थकलेलं असताना हातातले पैसे जाणं समजू शकतं. मालकाकडे नेणारा एकमेव धागा तोडायला गरजेची सबब चालत नाही.

मित्राचं काय? इथे लोकांना धक्का बसतो. चोरीच्या मालाची व्याख्या कलम ३१७मध्ये आहे, आणि तिच्यात चोरीने आलेल्या वस्तूंबरोबर अपहार केलेल्या वस्तूही येतात. पैसे कसे आले हे पूर्ण माहीत असून मित्राने २,००० घेतले. तो चोरीचा माल घेणारा ठरतो, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि हा गुन्हा दखलपात्र आहे. थैली उचलणाऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षं, वाटा घेणाऱ्याला तीन. घरमालक मात्र सुटला. त्याने भाडं म्हणून घेतलं, पैशांचा उगम त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

तरीही चोरीच का म्हणू नये

शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर हा सगळा शब्दच्छल वाटतो. चोराने खिसा कापला असता तरी ३८,५०० गेले असते, पोरग्याने ठेवले तरी तितकेच गेले. नुकसान मोजून गुन्ह्याचं नाव ठरवायचं असेल तर फरक राहत नाही.

पण चोर उचलतो तेव्हा उचलणंच चूक असतं. सापडलेल्या पैशांत उचलणं ही चांगली गोष्ट आहे, निदान असावी. बाकड्याखालची थैली कोणीतरी उचलावी असंच शेतकऱ्याला हवं आहे, फक्त भल्या माणसाने. उचलण्यालाच चोरीचा वास येऊ लागला तर भला माणूस थैली पाहून पुढे जाईल. ठाण्यात नेऊन दिली आणि "यात पन्नास हजार होते" असं कोणी म्हणालं तर? ही भीती आपल्याकडे आजही आहे, आणि ती खोटी नाही. चोरी म्हणायला लागलं की रस्त्यावर पडलेली वस्तू फक्त बिनधास्त लोकांसाठी उरते. म्हणून कायद्याने गुन्हा उचलण्याच्या पुढे, नंतरच्या वागण्यावर ठेवला, ते मला शहाणपणाचं वाटतं.

बिघाड दुसरीकडे आहेत. पहिला शिक्षेत. जुन्या कलम ४०३मध्ये अपहाराला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही असं होतं. न्यायाधीश नुसता दंड करून सोडू शकत होता. नव्या कलम ३१४मध्ये कमीत कमी सहा महिने कैद आणि वर दंड आला. त्याच संहितेत चोरीच्या कलमाखाली मात्र एक सवलत घातली आहे: चोरी ५,०००पेक्षा कमी किमतीची, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरलेला, आणि वस्तू किंवा किंमत परत केली, तर शिक्षा फक्त समाजसेवा. आता दोन माणसं घ्या. एकाने इतवारीत गर्दीत ४,००० रुपयांचं पाकीट मारलं, पकडला गेला, परत केलं. दुसऱ्याला तेवढंच पाकीट सापडलं, त्याने ठेवून घेतलं, नंतर परत केलं. पाकीटमाराला समाजसेवा. सापडलेलं ठेवणाऱ्याला कलमाप्रमाणे किमान सहा महिने. १९५८चा प्रोबेशनचा (चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडण्याचा) कायदा आहे, मालकाला तडजोड करता येते, त्यामुळे प्रत्यक्षात असा माणूस आत जाईलच असं नाही. पण कलम वाचणाऱ्या पोरग्याला ते काय शिकवतं? खिसा कापणं जास्त स्वस्त.

दुसरा बिघाड प्रामाणिक माणसाच्या बाजूचा. समजा पोरग्याने थैली ठाण्यात दिली असती. करार कायदा, १८७२, सापडणाऱ्याला काही हक्क देतो: मालकाने बक्षीस जाहीर केलं असेल तर ते मागण्याचा, सांभाळायला आणि मालक शोधायला आलेला खर्च मिळेपर्यंत वस्तू राखून ठेवण्याचा. बक्षीस जाहीर केलं नसेल तर बक्षीस म्हणून कायद्याने एक रुपयाही देणं लागत नाही. आणि मालक आलाच नाही तर? पोलिसांकडे जमा झालेल्या मालाची प्रक्रिया भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्यात, आहे. जाहीर सूचना निघते, सहा महिन्यांत हक्क सिद्ध झाला नाही तर माल सरकारच्या हवाली होऊ शकतो. आणून देणाऱ्याला तो मिळेल असं त्यात सरळ लिहिलेलं नाही. जपानमध्ये मालक तीन महिन्यांत आला नाही तर वस्तू सापडणाऱ्याची होते, आणि आला तर त्याने ५ ते २० टक्के द्यायचे असतात. तिथले लोक जात्याच सज्जन असतात, असं आपण कौतुकाने सांगतो. त्यातला थोडा वाटा या तरतुदीचा असावा, असं मला वाटतं.

माझ्या मते करायचं असेल तर हे करावं: नाव चोरीचं नको, किमान सहा महिने काढून टाकावेत, समाजसेवेची सवलत इथेही द्यावी, आणि ठराविक रकमेवरच्या अपहारात पोलिसांना निदान कॅमेरे बघण्यापुरता तपास मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय करू द्यावा. शेतकऱ्याच्या मुलाला चोरी नको होती. त्याला कोणीतरी कॅमेरा बघायला हवा होता.

तपशील बदलला की उत्तर किती बदलतं तेही पाहून घेऊ. थैली ऑटोत राहिली असती आणि ऑटोवाल्याने ठेवली असती तर त्याला सुटणं जास्त कठीण. सवारी कुठे सोडली हे त्याला माहीत असतं, म्हणजे शोधायचं साधन त्याच्याच डोक्यात. एटीएमच्या तोंडाशी आधीच्या माणसाच्या नोटा राहिल्या असतील तर तिथे बँकेचा ताबा संपलाच नाही असं म्हणता येतं, आणि चोरीकडे झुकायला होतं. यूपीआयने चुकून आपल्या खात्यात पैसे आले तर ते "सापडलेले" नसतातच. चुकून मिळालेलं परत करायला करार कायदा सरळ सांगतो.

मिटलं कसं

अडत्याच्या गाळ्यावरच बोलणं झालं. २६,५०० मिळालेच होते. मित्राने संध्याकाळपर्यंत २,००० आणून दिले. कलम ३१७ ऐकल्यावर त्याला फार समजवावं लागलं नाही. घरमालकाचे १०,००० परत मागण्यात अर्थ नव्हता, ते पोरग्यानेच द्यायचे ठरले, चार महिने २,५०० प्रमाणे. अडत्या मध्ये राहिला, कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. कागदावर "चोरी" हा शब्द घालावा असा मुलाचा आग्रह होता. अडत्याने "सापडलेली रक्कम" असं लिहिलं आणि पेन खिशात घातलं.

एनसी ठाण्याच्या वहीत आहे. मॅजिस्ट्रेटकडे जायचं की नाही यावर बापलेकांचं अजून जमलेलं नाही. गुन्हा तडजोडयोग्य आहे, त्यामुळे कोर्टात गेलं तरी मिटवता येईल, आणि नाही गेलं तर नोंद तशीच पडून राहील. बाप म्हणतो, शेवटचा हप्ता येऊ दे, मग पाहू.